कॉनराड लेम्केचा इशारा

आधीच सांगते, ही गोष्ट रात्रीची नाही.

भुतं फक्त अंधारात येतात असं ज्यांना वाटतं, त्यांची इथे निराशा होईल. हे घडलं ते भरदिवसा, उघड्या मैदानावर, शेकडो माणसांच्या देखत... आणि तरी ते सांगायला उरला फक्त एक जण.

तो एक जण म्हणजे माझ्या आजीचा सख्खा भाऊ, ऑरिन हॅस्कल. मी त्यांना मामाआजोबा म्हणायचे. शेवटच्या आजारपणात त्यांच्या उशाशी मीच असायचे, तेव्हा त्यांनी हे मला सांगितलं. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा तेच शब्द, तोच क्रम. रचून सांगणारा माणूस कुठे ना कुठे घसरतो. ते घसरले नाहीत.

आज मी ब्याऐंशी वर्षांची आहे. आता हे लपवून कुणाचं भलं होणार?

साल १९०५. आयोवामधलं वेस्ट्रॅम गाव. मंगळवार, २६ सप्टेंबर. दुपारचे साडेचार.

मामाआजोबा तेव्हा एकवीस वर्षांचे होते. म्हणून पुढे त्यांना 'तो'च म्हणते.

ऑरिनचे वडील घोड्यांचे लगाम आणि पट्टे शिवायचे. घरातून कॉलेजात गेलेला तो पहिलाच. अभ्यासात बेताचा, पण अंगाने दणकट, म्हणून कॉलेजच्या फुटबॉल संघात त्याला घेतलं.

तेव्हाचा फुटबॉल म्हणजे चेंडू काखेत मारायचा आणि समोरच्या अकरा जणांना फोडून पलीकडे जायचं. डोक्याला चामड्याची टोपी असली तर असली. त्या वर्षी ठिकठिकाणी पोरं मरत होती. आणि लोक तिकिटं काढून बघत होते.

ऑरिन सेंटर होता. ओळीच्या मधोमध ओणवं उभं राहायचं, आणि इशारा मिळाला की दोन पायांमधून चेंडू मागे द्यायचा. मागे क्वार्टरबॅक वाकलेला असतो. तो चेंडू घेतो आणि पुढची चाल करतो. सेंटरला जग उलटं दिसतं. स्वतःच्या पायांमधून मागच्याचे गुडघे, मोजे, बूट... एवढंच.

त्या हंगामात क्वार्टरबॅकच्या जागेवर एक नवा पोरगा आला.

कॉनराड लेम्के. वय एकोणीस. गावाबाहेरच्या जर्मन शेतकऱ्याचा मुलगा. जर्मनांना आमच्याकडे सरसकट 'डचमन'च म्हणायचे, चिडवायला. कुठली चाल खेळायची ते सांगणारे आकडे तो अशा काही हेल काढून ओरडायचा की अख्खं मैदान हसायचं. पायात आईने विणलेले करडे मोजे, टाचेला निळी लोकर.

पण पाय विजेसारखे.

आणि त्याची एक सवय होती. आकडे ओरडून झाले की तो ऑरिनच्या डाव्या मांडीवर दोन बोटांनी हलकेच टकटक करायचा. मग चेंडू. बाकी कुणी असं करत नसे.

टक... टक.

कॉनराड आला म्हणून जुना क्वार्टरबॅक बाहेर बसला. रॉस्को टिल्टन. रॉस्को हा कॅप्टन एव्हरेट थॉर्नडाइकचा लहानपणापासूनचा दोस्त. आणि एव्हरेटचे वडील कॉलेजच्या विश्वस्त मंडळावर.

सोमवारी एव्हरेटने ऑरिनला कोळशाच्या कोठीमागे बोलावलं. तिथे रॉस्को होता, आणि ओळीतला धिप्पाड ड्वाइट पेल सफरचंद खात उभा होता.

एव्हरेटने ऑरिनच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्याने याआधी कधी ठेवला नव्हता.

"तुला काही करायचं नाहीये रे," तो म्हणाला. "उद्या सरावात चेंडू जरा उंच दे. बस्स."

"किती उंच?"

"त्याच्या टोपीच्या वर. हात वर जाऊ देत त्याचे. पुढचं आम्ही बघतो. आम्ही तिघं उद्या दुसऱ्या संघाकडून उतरतोय."

"लागलं बिगलं तर?"

"लागायलाच पाहिजे की!" ड्वाइट हसला. तोंडातून सफरचंदाचे तुकडे उडाले. "बसू दे दोन आठवडे घरी, आईच्या हातचा आंबट कोबी खात."

एव्हरेट म्हणाला, "आणि हे बघ ऑरिन, पुढच्या आठवड्यापासून तू आमच्या टेबलावर जेवायला ये. एकटा कशाला बसतोस कोपऱ्यात?"

एवढ्यावर झालं.

मामाआजोबा मला म्हणाले होते, "पोरी, मला कुणी धमकी दिली असती तर बरं झालं असतं. निदान सांगायला तरी बरं दिसलं असतं."

मंगळवारी साडेचारला कॉनराडने आकडे ओरडले. मांडीवर दोन बोटं आली. टक, टक.

ऑरिनने चेंडू उंच दिला.

पायांमधून त्याला दिसलं ते असं. निळ्या टाचा जमिनीवरून सुटल्या. पोरगा चेंडूसाठी उंच झाला होता, दोन्ही हात वर, छाती उघडी. मग ऑरिनच्या दोन्ही बाजूंनी तिघं जण गेले...

आवाज ओली लाकडं फुटावीत तसा आला.

कॉनराड तीन दिवस जगला. डावीकडच्या बरगड्या आत शिरल्या होत्या. श्वास घेतला की गुरगुर व्हायची, आणि वसतिगृहाच्या जिन्यापर्यंत ती ऐकू यायची. शुक्रवारी सकाळी ती थांबली. बाप छकडा घेऊन आला, पोराला घोंगडीत गुंडाळून घेऊन गेला.

प्राचार्यांनी चौकशी केली. ऑरिनला समोर उभं केलं.

"चेंडू एवढा उंच कसा गेला?"

"दव होतं, सर. चेंडू ओला होता."

दुपारी साडेचारला दव! नऊ दिवस पावसाचा थेंब नव्हता. प्राचार्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मैदानावरून धूळ उडत होती.

"ओला होता," असं म्हणत त्यांनी लिहून घेतलं.

पुढच्या सोमवारपासून ऑरिन एव्हरेटच्या टेबलावर जेवू लागला.

हंगामाचा पहिला सामना १४ ऑक्टोबरला, शनिवारी, नदीपलीकडच्या कॉलेजशी. स्वच्छ ऊन होतं. दोरीमागे गर्दी, पत्र्याचे भोंगे, गाईच्या गळ्यातल्या घंटा, पोरींच्या टोप्यांवर रंगीत फिती. क्वार्टरबॅकच्या जागेवर पुन्हा रॉस्को.

अर्धा सामना सुरळीत गेला.

मग एकदा ऑरिन चेंडूवर ओणवा झाला... आणि आवाज बंद झाला.

भोंगे नाहीत. घंटा नाहीत. कानात बोळे घालावेत तसं.

फक्त एक श्वास ऐकू येत होता. जवळून. ओला, गुरगुरणारा...

ऑरिनने पायांमधून मागे पाहिलं. रॉस्कोचे काळे मोजे दिसले. गुडघे वाकवून तो तयार उभा होता.

त्याच्यामागे आणखी दोन पाय होते.

करडे मोजे. निळ्या टाचा.

रॉस्कोने अजून आकडे ओरडले नव्हते. ऑरिन ओरडायला गेला, पण तोंड उघडेना. आणि मग डाव्या मांडीवर...

टक. टक.

ऑरिनचे हात हलले. "मी हलवले नाहीत," मामाआजोबा म्हणायचे. "दार ठोठावलं की कुत्रा उठतो ना, तसे ते आपसूक उठले."

चेंडू उंच गेला. रॉस्को दचकून उभा झाला, हात वर गेले. समोरचे तिघं त्याच्यावर आदळले. गर्दीचा आवाज एकदम परत आला, आणि त्या गोंगाटात रॉस्कोची किंकाळी कुणाला वेगळी ऐकूही आली नाही.

डावीकडच्या बरगड्या. चार.

रॉस्को वाचला, पण त्याचा आवाज गेला. त्याच्या आईने येऊन त्याला शिकागोला नेलं. जाताना तो ऑरिनकडे बघत होता, आणि दोन बोटं स्वतःच्या मांडीवर आपटत होता. काय सांगायचंय ते इतर कुणाला कळलं नाही.

ऑरिनला कळलं. रॉस्कोनेही पाहिलं होतं.

"मी खेळत नाही," तो त्या संध्याकाळी एव्हरेटला म्हणाला. "तो आहे तिथे. मी त्याचे पाय पाहिले."

"कुणाचे?"

"कॉनराडचे."

ड्वाइट खो खो हसला. "डचमन मेल्यावरपण सरावाला येतो? मग हजेरीत नाव घाला की त्याचं!"

एव्हरेट हसला नाही. "तू खेळणार आहेस," तो शांतपणे म्हणाला. "आता तू बसलास तर लोक विचारतील का बसला. मग मला सांगावं लागेल, चेंडू कुणाच्या हातातून गेला होता ते."

"मीही सांगेन, कुणी सांगितलं होतं ते."

"सांग की. थॉर्नडाइकच्या मुलाचं ऐकतील की पट्टे शिवणाऱ्याच्या?"

ऑरिन खेळत राहिला. दोन सामने गेले, काही झालं नाही. दोन्ही जिंकले. ड्वाइट तर रोज चिडवायचा. जेवताना मागून येऊन ऑरिनच्या मांडीवर टकटक करायचा आणि सगळं टेबल हसायचं.

३० ऑक्टोबरला सराव होता. मैदानावर धुकं उतरलं होतं, अगदी दाट नाही, पण पलीकडची दोरी दिसत नव्हती. त्या दिवशी नुसती चालींची उजळणी होती. म्हणजे आपलेच अकरा जण उभे राहायचे. समोर दुसरा संघ नाही. कुणी कुणाला आडवं करायचं नाही. आकडे ओरडायचे, चेंडू द्यायचा, चार पावलं धावायचं, परत यायचं.

ड्वाइटला त्या चालीत ओळीतून मागे घेतलं होतं. तो नव्या क्वार्टरबॅकच्याही मागे उभा होता.

ऑरिन ओणवा झाला. आणि मैदान गप्प झालं.

तोच श्वास...

"नको," ऑरिन पुटपुटला. "कॉनराड, नको रे. समोर कुणी नाहीये."

टक. टक.

चेंडू नव्या क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून गेला. मागे ड्वाइटने तो पाहिला. "आला रे माझा डचमन!" असं ओरडून त्याने हसत हसत उडी मारली, दोन्ही हातांनी चेंडू वरच्यावर झेलला.

आणि तो हवेतच वाकला.

धप्प.

धप्प.

धप्प.

तीन धडका, एकामागून एक. सगळ्यांनी ऐकल्या. समोर नुसतं गवत होतं. धुकं होतं. एक चिटपाखरू नव्हतं.

ड्वाइट खाली पडला, आणि पडल्यावरही त्याचं अंग गचके खात होतं. कुणीतरी वरून तुडवत असल्यासारखं.

डॉक्टरांनी त्याचा सदरा कापला. पाठीवर बुटांच्या खुणा उमटल्या होत्या. खेळाच्या बुटांना खाली चामड्याच्या गोट्या ठोकलेल्या असतात, त्यांचे गोल गोल वळ.

"कुणी तुडवलं याला?" डॉक्टर भडकले. "तीन वेगवेगळे बूट आहेत. चालीच्या सरावात तुडवतात होय रे?"

"कुणीच नाही, डॉक्टर. समोर कुणी नव्हतंच."

"मूर्ख समजता मला? हा बघा, या बुटाची टाचेकडची एक गोटी गळून पडलेली आहे. कुणाचा आहे हा बूट?"



बाकावर ड्वाइटच्याच पायांतले काढलेले बूट ठेवले होते. ऑरिनने उजवा बूट उचलून उलटा केला.

टाचेकडची एक गोटी नव्हती.

ड्वाइट पुन्हा उभा राहिला नाही. मानेखालचं अंग गेलं. पुढे बावीस वर्षं तो खाटेवर होता, आणि त्या बावीस वर्षांत त्याने एकही विनोद केला नाही, असं त्याची बहीण सांगायची.

आता एव्हरेट घाबरला. दिसू देत नव्हता, पण जेवताना त्याचा काटा ताटावर वाजायचा.

"शेवटचा एकच सामना आहे," तो ऑरिनला म्हणाला. "थँक्सगिव्हिंगचा. सणाला वडील येणार आहेत, पाहुणे आणणार आहेत. मी बाहेर बसलो तर कबूल केल्यासारखं होईल."

"मग कबूल कर ना! दोघं जाऊ प्राचार्यांकडे. त्याच्या आईबापाकडे जाऊ."

"आणि काय सांगू? दोन आठवडे घरी बसवायचं होतं, मेला?"

"हो. असंच सांग."

एव्हरेट खिडकीजवळ गेला. वळला तेव्हा चेहरा पुन्हा कॅप्टनचा झाला होता.

"चेंडू हवेत द्यायचाच नाही," तो म्हणाला. "जमिनीवरून घरंगळत दे. नियमात बसतं. हात जमिनीला टेकलेले ठेव. चेंडू वर गेलाच नाही तर काय करेल तो?"

ऑरिन तयार झाला. का झाला, ते त्यालाही नीट सांगता येत नसे; तिन्ही वेळच्या सांगण्यात बदललं ते एवढंच. एकदा म्हणाले, "वाटलं, त्या एकाला तरी वाचवू." दुसऱ्यांदा म्हणाले, "वाटलं, त्या एकालाही होऊन जाऊ दे." दोन्ही खरं असेल.

३० नोव्हेंबर. गुरुवार. जमीन गोठून दगड झाली होती. घराघरांत टर्की भाजायला ठेवून लोक मैदानावर आले होते, हजार-दोन हजार. पहिल्या रांगेत एव्हरेटचे वडील, उंच टोपी, मांडीवर केसाळ कातड्याची शाल.

सामना संपत आला तरी काही झालं नव्हतं. प्रत्येक वेळी ऑरिनने चेंडू घरंगळत दिला. मांडीवर काही नाही. पायांमधून पाहिलं तर नव्या पोराचेच पाय.

शेवटची चार मिनिटं. दोन्ही संघांचा एकही गुण नाही. एव्हरेट धापा टाकत ऑरिनजवळ आला. कपाळ रक्ताने माखलेलं, पण डोळे चमकत होते.

"बघितलंस?" तो म्हणाला. "मेला तो मेला. आता मला दे चेंडू, मी घेऊन जातो पार."

ऑरिन ओणवा झाला.

आणि दोन हजार माणसं गप्प झाली...

भोंगा तोंडाला लावलेला एक माणूस समोर दिसत होता. गाल फुगलेले. आवाज नाही.

श्वास. गुरगुर. या वेळी अगदी कानाशी.

ऑरिनने पायांमधून पाहिलं. नवा पोरगा होता. त्याच्या मागे एव्हरेट. एव्हरेटच्या मागे निळ्या टाचा. एव्हरेटला चिकटून, माप घेतल्यासारख्या.

ऑरिनने चेंडूवरचे हात काढले. दोन्ही. तळवे उघडे करून बाजूला, गोठलेल्या गवतावर सपाट टेकवले. बर्फाचा गारठा बोटांना झोंबत होता. हे त्यांनी मला स्वतःचे हात पांघरुणावर पसरून दाखवलं होतं.

टक. टक.

चेंडू उठला.

हात न लावता. दोन पायांमधून, सावकाश, उंच...

मैदानावरच्या प्रत्येकाने नंतर सांगितलं, ऑरिन हॅस्कलनेच तो फेकला. पंचांनी सांगितलं, समोरच्या संघाने सांगितलं. फक्त ऑरिनचे तळवे गवतावर होते.

एव्हरेटने हात वर केले. पण चेंडूकडे तो बघत नव्हता. चेंडू त्याच्या खांद्यावरून मागे पडलासुद्धा. तो समोर बघत होता, आणि हात झेलायला नाही, तोंड झाकायला वर गेले होते.

"नको," तो म्हणाला. "नको, मी फक्त..."

मग समोरचे आले. पाच की सहा.

ढीग बाजूला केला तेव्हा एव्हरेटचे डोळे उघडे होते, पण श्वास थांबला होता. त्याचे वडील शाल टाकून धावत आले आणि गोठलेल्या जमिनीवर दोनदा घसरून पडले.

प्राचार्यांनी याही वेळी लिहून घेतलं. जमीन निसरडी होती.

ऑरिनने पुढच्या आठवड्यात कॉलेज सोडलं. जायच्या आधी त्याने सगळं कागदावर लिहून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलं. त्याचं उत्तर कधीच आलं नाही.

आणि त्याआधीच, सामन्यानंतरच्या शनिवारी, तो लेम्केंच्या शेतावर गेला.

बर्फ पडून गेलं होतं. स्वयंपाकघरात चूल धगधगत होती. कॉनराडची आई खुर्चीत बसून मांडीवरच्या हंसाची पिसं उपटत होती, नाताळासाठी विकायला. बुटकी बाई, मनगटं पुरुषासारखी.

"मी सांगायला आलोय, बाई," ऑरिन दारातूनच म्हणाला. "कॉनराडचं..."

"बर्फ झटक आधी. बस. त्या खुर्चीत नको, इकडे बस. तू ऑरिन."

त्याने नाव सांगितलं नव्हतं.

"पहिल्याच पत्रात लिहिलं होतं त्याने," ती पिसं उपटत बोलत होती. "आई, इथे सगळे माझ्या बोलण्याला हसतात. एक ऑरिन तेवढा हसत नाही. त्याचा चेंडू नेहमी नेमका हातात येऊन बसतो."

ऑरिनला रडू फुटलं. रडत रडतच त्याने सगळं सांगितलं. कोळशाची कोठी, सफरचंद, उंच चेंडू, दव. काहीच वगळलं नाही.

तिचे हात थांबले नाहीत.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"ज्याच्या बाबतीत घडलं त्याने."

चुलीत लाकूड तडकलं. ऑरिनने नकळत त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"दर शनिवारी येतो. दुपारची जेवणं झाली की. सुरुवातीला नुसता खोकायचा, बोलताच यायचं नाही त्याला. मग एकदा म्हणाला, रॉस्को. ते नाव घेतलं आणि खोकला जरा कमी झाला. मग ड्वाइट. परवा गुरुवार असून आला. 'एव्हरेट' एवढंच म्हणाला. आता चांगला बोलतो, पहिल्यासारखा."

"आणि माझं... माझं नाव?"

आता तिचे हात थांबले. तिने वर पाहिलं. अशी नजर आपण नंतर उभ्या आयुष्यात कुणाची पाहिली नाही, असं मामाआजोबा म्हणायचे. राग नव्हता म्हणे तिच्यात. राग असता तर सहन झाला असता. भूक होती.

"मी विचारते की. दर खेपेला विचारते. बाळा, त्या चौथ्याचं नाव कधी घेणार? तो नुसता हसतो. म्हणतो, त्याचं एवढ्यात नको, आई. ते तिघं माझे कुणीच नव्हते."



"मी म्हटलं, लवकर कर. मला बघू दे. तर म्हणाला, त्याला वाट बघू दे." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेएक. "आज शनिवार आहे. येईलच आता. थांबतोस?"

बाहेर अंगणात, ताज्या बर्फावर, कुणीतरी चालत येत होतं. करकर आवाज येत होता.

कदाचित तिचा नवरा असेल.

ऑरिनने पाहिलं नाही. तो मागच्या दाराने पळाला, टोपी तिथेच टाकून. चार मैल बर्फातून पळाला.

आता तुम्ही विचाराल, पुढे काय झालं.

काही नाही.

हेच तर आहे. काहीही झालं नाही. मांडीवर पुन्हा कधी टकटक झाली नाही. मामाआजोबांनी लग्न केलं, नेब्रास्कात लाकडाची वखार चालवली, तीन मुलं झाली, तिन्ही धडधाकट. मोठा मुलगा पहिल्यांदा तापाने फणफणला तेव्हा त्यांना वाटलं, आता. दुसरा लढाईवर गेला तेव्हा वाटलं, आता. वखारीला आग लागली, त्यातूनही ते साधे खरचटले नाहीत. लोक म्हणायचे, ऑरिन हॅस्कल नशीबवान माणूस. ते ऐकलं की ते उठून बाहेर जायचे.

पंचावन्न वर्षं.

मी एकदा त्यांना म्हटलं, "मामाआजोबा, त्याने माफ केलं असेल तुम्हाला. तुम्ही सगळं कबूल केलंत ना!"

"माफ करायचं असतं तर येऊन सांगितलं असतं त्याने," ते म्हणाले. "त्याला बोलता येत होतं."

ते गेले १९६१ च्या मार्च महिन्यात. बुधवारी, सकाळी दहाच्या सुमारास. खिडकीतून ऊन येत होतं. खोलीत मी एकटीच होते, एकोणीस वर्षांची. घरचे सगळे सांगतात, ऑरिन फार शांतपणे गेला. मीच तसं सांगितलं होतं सगळ्यांना.

पण तो चेहरा शांत नव्हता.

तो चेहरा लक्ष देऊन ऐकणाऱ्याचा होता. डोळे माझ्या मागे, दाराकडे. कुणीतरी हळू आवाजात, खूप वेळ, काहीतरी समजावून सांगत असावं आणि यांनी एक शब्दही सोडू नये, तसा. मी दोनदा मागे वळून पाहिलं. दार बंद होतं.

मग त्यांनी मान हलवली. एकदाच. "हो" म्हणतो तशी.

आणि गेले.

कशाला हो म्हणाले, ते मला आजही माहीत नाही. मी अनेकदा स्वतःला समजावते, की क्षमाच असेल ती.

पण मग त्यांच्या डोळ्यांत एवढी भीती का होती...